मागून येणारी पावलं

आमच्या टेकडीच्या पायऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांचे आपटेकाका रोज सकाळी चार वेळा धावत चढतात. प्रत्येक फेरीनंतर वरच्या कठड्यावर एक खडा ठेवतात आणि डोळे मिटून बसतात. आम्ही पन्नाशीतले नवशिकेही त्यांचं बघून खडे मांडतो.

परवा धुक्यात दुसरी फेरी मी जीव खाऊन धावलो, खडा ठेवला आणि टेकलो. तेवढ्यात खालून पावलं वाजली. धपधप, भराभर. वळून बघितलं तर पायऱ्या रिकाम्या, आणि तरी कुणीतरी चढतच होतं.

"काका, कोण येतंय?"

काकांनी डोळे उघडले नाहीत. "कुणी नाही रे. छाती धडधडतेय तुझी, ती कानात वाजतेय. पावलं मंदावली की उठायचं, पुढची फेरी."

हायसं वाटलं, पण पुरतं नाही. विशीत इतकं धावूनही हा आवाज ऐकल्याचं आठवत नाही. तेव्हा पुढच्याला गाठायची घाई असायची, मागे कान द्यायला सवड कुणाला होती? आता मात्र रोज धावतो, आणि बसलो की ऐकत राहतो.

पावलं हळूहळू मंदावली. मागून येणारा दमला असेल, की जवळ येऊन पोहोचला असेल?

काका उठले. पुढच्या फेरीसाठी आधी त्याच पायऱ्यांनी खाली जावं लागतं. उतरताना ते अगदी कडेने उतरले, वर येणाऱ्याला वाट द्यावी तसे.

मीही कडेनेच उतरलो.