उंदराच्या वासाची पेटी

५ मे २०२४, रविवार. चार हजार दोनशे पन्नास रुपये देऊन माया तायडेने अमरावतीत एक जुनी हार्मोनियमची पेटी घेतली आणि अकोल्याच्या एसटीत मांडीवर घेऊन बसली. विकणारे खुशालराव सज्जन दिसले. त्यांच्या खोलीत उदबत्त्या मात्र जरा जास्तच जळत होत्या. मायाला वाटलं, माणूस भाविक असेल.

बडनेरा मागे पडलं, गाडी तापली आणि उदबत्तीचा वास विरून खालचा वास वर आला. कंडक्टर नाक धरून म्हणाला, "कोनाच्या पिशवीत उंदीर मेला बे?" माया खिडकीबाहेर पाहू लागली आणि मूर्तिजापूर येईपर्यंत बाहेरच पाहत राहिली.

पेटी सासऱ्यांसाठी होती. श्रावणबाबांनी तीस वर्षं विहारातल्या पेटीवर भीमगीतांना साथ केली. मग गुडघे गेले आणि विहारही सुटला. तेव्हापासून म्हातारा गप्पच झाला होता. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या बायकांना आपल्याच अंगणात बोलवायचं आणि मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, पेटीवर बसवायचं, असं मायाच्या मनात होतं. अंगणवाडीच्या मानधनातून तिने त्यासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते.

पेटी पाहून म्हातारा हरखला. पण भाता हलला की पेटीतली हवा वाजवणाऱ्याच्याच तोंडावर येते. बाबांना दमा. दोन सूर निघाले नाहीत तोच अशी ढास लागली, की अश्विनने, मायाच्या नवऱ्याने, धावत जाऊन फवाऱ्याचं औषध आणलं.

"परत करून दे, माया," दम खाऊन बाबा म्हणाले. "मले तसंबी काई आठवत नाई आता."

बोलताना त्यांची बोटं खाटेच्या काठावर चालूच होती. मायाने ती पाहिली. इकडे खुशालरावांनी फोन उचलणं सोडलं होतं.

तिने आधी कापूर ठेवला, मग अत्तर शिंपडलं.

"आता उंदीर लग्नाले चालला वाटते," अश्विन म्हणाला.

मग तिने तेच केलं, जे अकोल्यातली कोणतीही बाई करील. गादी असो, गहू असो की लोणच्याची बरणी, मे महिन्यातल्या उन्हापुढे कशाचाच वास टिकत नाही, अशी इकडे सगळ्यांची खात्री. गच्चीवर शेजारच्या मैनाबाईच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी पेटी ठेवून माया खाली आली. दुपारी वर गेली तर लाकूड हात लावू देईना आणि सरस सुटून भात्याचं चामडं एका बाजूने लोंबत होतं.

"घ्या! पेटीची कुरडई केली हिनं," अश्विन म्हणाला. पण बायकोचा चेहरा पाहून त्याने पेटी उचलून खाली आणली.

माया सुटलेल्या भात्यापाशी रडवेली बसली होती. चामडं उचकटून तिने आत डोकावलं. आतल्या कोपऱ्यात कापूस आणि कुरतडलेल्या चिंध्यांचं उंदराचं घरटं होतं. आतला कागदही मुताने पिवळा पडलेला. इतके दिवस ती बाहेरचं लाकूड पुसत होती आणि वास पोटात होता.

नाकाला फडकं बांधून तिने घरटं उपसलं आणि कागद खरवडला. व्हिनेगरमध्ये बुडवलेलं फडकं घट्ट पिळून लाकूड पुसलं, सुरांच्या पितळी पट्ट्या भिजू दिल्या नाहीत. लाकूड सावलीतच सुकवलं. मग पेटी लोखंडी कोठीत ठेवून सोबत कोळशाच्या पुरचुंड्या ठेवल्या. कोळसा बदलताना रोज हुंगायची. शेवटी तिचं नाक इतकं सरावलं, की तिला काही कळेना. म्हणून भाजी विकायला निघालेल्या मैनाबाईला टोपली खाली ठेवायला लावून आत बोलावलं.

मैनाबाईने पेटीत तोंड घातलं. "कोयश्याचा वास येते थोडासा. उंदीर गेला माय तुया."

जठारपेठेतल्या नत्थुजींनी भात्याला नवं चामडं आणि कागद लावून सूर जुळवून दिले. साडेसहाशे रुपये सांगितले. मायाजवळ त्या वेळी पाचशेच निघाले. "राहू द्या हो बाई, आधी म्हाताऱ्याले वाजवू द्या," ते म्हणाले.

पौर्णिमेच्या संध्याकाळी अंगणात वंदना झाली. बाबांनी भाता हळूच ओढला आणि तोंड वळवून थांबले. माया फवारा मुठीत धरून उभी होती. ढास आली नाही. दुसऱ्यांदा भाता ओढला तो जोरात, आणि बायकांनी गाणं उचललं. मधलं एक कडवं ते विसरले, पण बोटं थांबली नाहीत.

चार गाणी झाल्यावर ते म्हणाले, "वास असता तरी मी वाजवलीच असती आज."

"मंग मी इतके दिस कावून घासून राहिली होती, मामाजी?"

"मी थोडीच सांगतलं होतं? पर तू घासून राहिली होती तं बरं वाटे मले." आणि त्यांनी पाचवं गाणं धरलं.

नत्थुजींचे दीडशे रुपये अजून द्यायचे आहेत.