किरणांची मिनिटं

नागपुरात मे महिन्यात माणसानं दोन कामं करू नयेत : भांडण आणि संगणकाची दुरुस्ती. त्या दुपारी मी दोन्ही करत होतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कर्करोगाच्या रुग्णाला किरण किती मिनिटं द्यायचे, याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम मी कॉलेजातल्या मोठ्या संगणकावर लिहिला होता. तोच आता इस्पितळातल्या छोट्या संगणकावर बसवायचा होता. त्याचा प्रोसेसर वेगळा, आणि प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलरही वेगळा. चाचणीची उदाहरणं बरोबर आली आणि मी कॉलर ताठ केली. मग पहिली खरी रुग्ण आली, उमरेडची एक विणकर मावशी. तिथल्या भौतिकतज्ज्ञ बाईंनी हातानं हिशेब केला : पाच मिनिटं. पडद्यावर तीन.

"दोघांपैकी कोण चुकलं ते कळल्याशिवाय मी यंत्र सुरू करणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं उत्तर तोवर देवाला वाहा."

मी हुज्जत घातली, पण चुकलो असेन अशी धाकधूक होतीच. प्रोग्रॅम जसाच्या तसा ठेवून मी कंपायलरला द्यायच्या सूचना बदलू लागलो. एक सूचना बदलायची, पुन्हा कंपाइल करायचं, तोवर व्हरांड्यात येरझारा. त्यात लाइट गेली, म्हणजे आगीतून फुफाट्यात. सगळं पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला बाकावरची मावशी विचारायची, "काहून उशीर होऊन राहिला गा भाऊ? माही यष्टी जाईन."

"झालंच, मावशी," मी थाप मारायचो.

कॉलेजातून आणलेल्या सूचनांत एक अक्षर मोठ्या संख्या सांभाळण्यासाठी होतं; शेवटी वैतागून मी तेच काढून टाकलं. उत्तर तरीही तीन! म्हणजे ते अक्षर इथं आमचं काम करतच नव्हतं. कॉलेजातल्या कंपायलरला ते सांगायचं, संख्येला दुप्पट जागा ठेव. इथं त्याच अक्षराचं काम भलतंच होतं, आणि इथला कंपायलर पठ्ठ्या तक्रार न करता ते उरकत होता. चाचणीचे लहान आकडे म्हणून निभावले. मावशीची गाठ मोठी, तिचे आकडे जागेत मावले नाहीत. इथली योग्य सूचना दिली. पाच आले.

बाईंनी पुन्हा एकदा हातानं पडताळलं आणि यंत्र सुरू करायला सांगितलं.

मावशी उठली. "आता बराबर हाय ना? मले काही समजत नाही. तूच सांग."

"हो," मी म्हणालो, आणि मला भीती वाटली. तिनं हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि ती आत गेली. दारावरचा लाल दिवा लागला. दिवसभर मी कुठंच टेकलो नव्हतो; आता तिच्या बाकावर बसलो. दिवा विझेपर्यंत मला तिथून उठवेना.