दबोराबाई आणि बिनकाट्याचा मासा

नदीच्या माशाला नावं ठेवावीत ती दबोराबाईंनीच. "ह्याला चिखलाचा वास येतो," असं त्या दर रविवारी चर्चमधून परतताना दौंडच्या बाजारात म्हणायच्या, आणि तोच मासा घरी नेऊन कालवण करायच्या. असं एकोणतीस वर्षं चाललं. मासेवाली नकुशी वैतागायची. "बाई, भीमेचा मासा भीमेचाच वास देनार. तुमचा समुद्र काय हितं आणू का?"

त्यांचा समुद्र रेवदंड्याचा. पाळकांच्या ओळखीनं सोयरीक जमली आणि रेल्वेतल्या शलमोनचा हात धरून त्या घाटावर आल्या. पहिल्याच आठवड्यात सासरी छाप पाडायला म्हणून रोहूचं कालवण माहेरच्या पद्धतीनं केलं. ना मीठ-हळद चोळली, ना बेसन लावून मासा धुतला. घरभर चिखलाचा वास सुटला. वर पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. सासूबाईंनी भाताचा कोरडा गोळा गिळायला लावला. "आमच्या माशाला मधी एकच काटा नसतोय, पोरी. मांसात बारीक बारीक पेरल्यालं असत्यात. बोटानं चाचपून खायाचं."

दबोराबाई शिकल्या, पण मनानं कधीच नाही. शिरूरला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्यांच्या लेकीनं, अपेक्षानं, एकदा सांगितलं, "आई, समुद्रातला मासा सारखा पाणी पितो. खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेतं ना. नदीतला मासा जवळजवळ पीतच नाही."

"मग मी समुद्रातलीच," दबोराबाई म्हणाल्या. "माझी तहान कुठं भागतेय?"

आईवडील गेले, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, शलमोनच्या ड्युट्या होत्याच. माहेरी जाऊन अकरा वर्षं झाली. शलमोन रिटायर झाला तशी त्यांनी भावाला फोन लावला. "दादा, मला साडीचोळी काही नको. आपल्या घरात बसून एकदा आपला मासा खायचाय."

दादानं पहाटे बंदरावर जाऊन पापलेटं आणली. वहिनीनं, इवानं, तव्यावर तळली. चिखलाचा मागमूस नाही. वासानंच दबोराबाईंचे डोळे भरले. त्यांनी तुकडा मोडला, दोन बोटांत धरून हलकेच दाबला, उलटा करून पुन्हा दाबला, मग तोंडात घातला. दुसरा घासही तसाच. दादाचं अर्धं ताट संपलं होतं.

इवाला हसू आवरेना. "काय हो वन्सं, पापलेटात काटे शोधता?"

दादाही हसला. मग मायेनंच त्यानं बहिणीचं ताट पुढ्यात ओढलं, मधला काटा अलगद उचलून बाजूला ठेवला, कडेचे बारीक काटे वेचले आणि साफ केलेला मासा तिच्याकडे सरकवला.

घाटावरून पाहुणे आले की दादा त्यांना असाच मासा सोलून द्यायचा. त्या पाहुण्यांची गंमत वाटून लहानगी दबोरा दाराआड तोंड दाबून हसायची. एवढी वर्षं ज्या घरासाठी जीव तुटला, त्या घरात आज त्या पाहुण्या होत्या. दबोराबाईंना फार वाईट वाटलं. मासा चांगला झालाय, असं त्या इवाला म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

बोटं मात्र ऐकेनात. काटे काढलेला मासाही त्या चाचपून चाचपूनच खात राहिल्या.