बुडालेलं लवंगतेल

तुकईथडच्या कोकिळाबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातलं मांजरसुद्धा वाटेतून उठून जातं. यंदा त्यांनी मनावर घेतली बुरशी. केळीच्या घडापासून फणी कापली की कापल्या जागी ती धरते आणि दूरच्या गावी खोका उघडेपर्यंत देठ काळा पडतो. म्हणून केळी नेणारा योगेंद्र रासायनिक पावडरचं पाणी मारायचा. बाईंना ते नको होतं. जे नातवाच्या हातात देणार नाही ते परक्याच्या पोरालाही द्यायचं नाही, एवढं साधं त्यांचं शास्त्र.

शेतीच्या शिबिरात त्यांनी ऐकलं, लवंगतेल बुरशीला रोखतं. घरी येऊन त्यांनी टाकीच्या पाण्यात बाटली रिकामी केली आणि एकेक फणी वरच्यावर, अलगद टेकवून काढली. तेल वरच असणार! जन्मभर तर्रीदार रस्सा केलेल्या बाईला हे कोण शिकवणार?

आठवड्यात सगळ्या फण्यांना पांढरी लव फुटली. टाकी रिकामी करताना नवऱ्याला, सुकलालला, तळाशी तेलाचे थेंब दिसले.

"अवं, तुझं तेल तर बुडी मारून बसलं! माझ्यासारखं, तुला पाहून."

"तुम्ही वर या आधी. रिठे फोडायचेत."

लवंगतेल पाण्याहून जड निघालं होतं. बाईंनी रिठ्याच्या फेसात ते इतकं घुसळलं की पाणी दुधासारखं झालं, आणि नव्या फण्या त्यात बुडवून काढल्या. चार दिवस अंगण दातांच्या दवाखान्यासारखं दरवळत होतं.

योगेंद्रने बजावलं, "काकी, लास्ट मौका हां. आठव्या दिवशी खोका खोलतो. बुरशी दिसली तर पावडर मारायची, नाही तर तुमचा माल बंद."

आठव्या दिवशी खोका उघडला. बारा फण्या. अकरा स्वच्छ. बारावीच्या देठावर बुरशी.

"ही काय?" योगेंद्रने बोट ठेवलं.

सुकलाल वाकून बघू लागला. बाईंनी फणी उचलून उजेडात धरली.

"ही कापून मी जेवायला गेले, मग बुडवली. तोवर बुरशी शिरली आत. चूक माझी, तेलाची नाही."

योगेंद्रने एक केळं सोलून खाल्लं. लवंग कुठे लागते का, हे जिभेने शोधत राहिला. सापडली नाही.

"पुढच्या गाडीत वीस खोके, बिनपावडरचे. पण काकी, एकही काळी निघाली तर?"

"निघणार नाही. त्या दिवशी जेवायचंच नाही कोणी."

सुकलालचा चेहरा पडला. बाईंनी त्याच्या हातात विळा दिला.