पिवळ्या दोऱ्याचे तीन वेढे

होड्या दुरुस्त होतात त्या आवारात त्यांना सगळे ‘फ्यूज’ म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर ‘दादा’. चाळीस वर्षं होड्यांची वायरिंग केलेला माणूस. हात शांत, डोकं कायम तापलेलं. स्वतःच्या लग्नात हॉलमधला एक दिवा लुकलुकतोय म्हणून हे गृहस्थ नवरीला ताटकळत ठेवून शिडीवर चढले होते, असं त्यांची बायकोच सांगे, आणि वर आणखी चार गोष्टी सांगे, त्या इथे नकोत.

त्या दिवशी तापायला कारण होता जावई. जावयाने एक जुनी शिडाची होडी घेतली, खरवडून निळी रंगवली आणि अंधारात इतरांना होडी कळावी म्हणून लावतात ते तीन दिवे स्वतः बसवले. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, मागे पांढरा. सासरा वायरमन असताना, स्वतः! हिरवा लागला, पांढरा लागला. लाल मात्र मनात येईल तेव्हा लागे, मनात येईल तेव्हा विझे. चार वाजता तपासनीस यायचा होता. शेवटी मुलीने बापाला फोन केला.

फाटकातून शिरतानाच फ्यूजनी जाहीर केलं, “याची एक चूक सापडू दे, फक्त एक! माझी मुलगी या होडीत पाय ठेवणार नाही. भर समुद्रात लाल दिवा विझला आणि समोरून ट्रॉलर आला तर काय करणार? हाका मारणार?”

“दादा, तुम्ही मारा,” दोरखंडवाली आपल्या टपरीतून म्हणाली. “ट्रॉलर जागच्या जागी थांबेल.”

“बाबा, पाय माझा आहे,” मुलगी म्हणाली. तिच्याकडे कोण लक्ष देतो?

“मामा, मी बॅटरीकडून बघत येऊ का?” जावयाने विचारलं.

“तुम्ही काही बघू नका, जावईबापू. तुम्ही नुसते उभे राहा. तेवढं जमतंय का बघा.”

फ्यूजनी लाल दिवा उघडला. आतलं रबर नीट बसलेलं. स्क्रू पितळी, घट्ट. त्यांनी स्विचची पाटी उघडली. प्रत्येक वायरला चिठ्ठी, त्यावर सुबक अक्षर. चूक सापडेना तसतसा त्यांचा पारा चढत गेला. “चिठ्ठ्या लावतोय! लोणच्याच्या बरण्या आहेत का या?”

मग टेस्टलॅम्प लावला. स्विचपाशी करंट पुरा. दिव्यापाशी येई आणि जाई. म्हणजे खोट मधल्या वायरीत. ती वायर डोलकाठीच्या बुडाशी, फळीखालून गेली होती.

“ही नवी टाकलीत?”

“नाही मामा. जुनीच ठेवली.”

“सापडली!” फ्यूज एवढ्या जोरात ओरडले की पलीकडे रंग देणाऱ्याचा ब्रश हातातून सुटला. “जुनी वायर! खाऱ्या पाण्यात! कुठल्या गाढवाने जोडली, कुठल्या आंधळ्याने तशीच ठेवली! अहो, घंटी लावायची लायकी नाही यांची, आणि हे समुद्रात जाणार!” जावयाचे कान लाल झाले.

फ्यूजनी फळी उचकटली, पोटावर झोपले, खांद्यापर्यंत हात घातला आणि वायर बाहेर ओढली. मधोमध जोड. नुसती टेप गुंडाळलेली, पाणी अडवणारी नळी नाहीच. आत तांब्याची हिरवी भुकटी. शिव्या पुन्हा ओठावर आल्या, आणि तिथेच थांबल्या.

टेपवर मेण लावलेला पिवळा दोरा होता. तीन वेढे, एक उलटी गाठ. ही गाठ आवारात एकच माणूस मारतो, आणि ती आपली सही आहे असं चाळीस वर्षं ऐकवत आलाय.

चौदा वर्षांपूर्वी ही होडी पांढरी होती. नळी उद्या चढवतो म्हणून त्यांनी जोड तात्पुरता बांधला होता, आणि त्याच संध्याकाळी तेव्हाच्या मालकाशी कडाक्याचं भांडून हत्यारं उचलली होती. तो उद्या काही आला नाही.

कुणी पाहिलं नव्हतं. पक्कड हातात होती, खिसा जवळ होता. त्यांनी मान वर केली. जावई बघत होता.

“तुला माहीत होतं?”

“गाठ ओळखली, मामा. तुमचं काम म्हणूनच हात लावला नाही.”

“मग मघापासून बोलला का नाहीस, मूर्खा!” फ्यूज ताडकन उठले आणि तो जोड डोक्यावर धरून गर्जले, “ऐका सगळे! ते गाढव मी आहे! हा जोड माझा! नीट बघून घ्या, पुन्हा दाखवणार नाही!”

“दादा, ब्रश धुवायला रॉकेल कोण देणार?” रंगारी म्हणाला.

“घंटी लावायची लायकी नसलेला देईल!”

मग त्यांनी स्विचपासून लाल दिव्यापर्यंत एकच अखंड वायर ओढली, मध्ये जोड नाही, आणि तेवढा वेळ ते स्वतःला, जावयाला, त्या जुन्या मालकाला आणि समुद्राला बोलत राहिले. जावई पलीकडून वायर पुढे सरकवत होता. चार वाजता तपासनिसाने लाल दिव्यावर बादलीभर पाणी ओतवलं, दोन थपडा मारल्या. दिवा लुकलुकलासुद्धा नाही.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “याची चूक सापडली की नाही?”

“सापडली. सासऱ्यावर विश्वास ठेवला.”

“म्हणजे मी बसायचं नाही?”

फ्यूज हत्यारांची पिशवी आवळत होते. मान वर न करता खेकसले, “मला काय विचारतेस? पाय तुझा आहे!”