ऑर्विलचं मराठी मानपत्र

आत्माराम सोमणानं एका शालीच्या मोबदल्यात अमेरिकन शिपायाकडून अणुबॉम्बचं गुपित काढून घेतलं, अशी कुजबूज १९६३ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न गावात होती. ती पाववालीच्या दुकानातून निघाली. पाववालीला कुणी सांगितलं ते विचारू नये. माणूस अजून हयात आहे.

आता हा हेर कसला, तर मिरजेहून शिलाई यंत्रांच्या कारखान्यात शिकायला आलेला, बाईमाणसाशी बोलताना हातातली टोपी पिळून काढणारा! त्याच्या खोलीच्या वर, माळ्यावर, ऑर्विल राहायचा. पूर्वी शिपाई, आता अमेरिकन छावणीच्या दुकानात गोदाम सांभाळणारा. चाळिशी गाठली नव्हती, पण केस गेलेले, पाठीला बाक आलेला.

रविवारी सकाळी दोघं मागच्या पायरीवर कॉफी घेऊन बसत. जंगलातून धुकं उतरायचं, बागेतली सफरचंदाची झाडं बुंध्यापासून सुटून तरंगायला लागायची. अशा वेळी ऑर्विल बोलायचा. आवाज त्याचा नसून त्या धुक्याचाच असावा, असं आत्मारामला वाटे.

"वाळवंटात बॉम्बची चाचणी होती, खंदकात बसवलं आम्हाला. डोळे मिटून त्यांवर हात धरले, तरी बोटांतली हाडं दिसली. मग त्याच धुरळ्यातून चालवलं. परतल्यावर झाडूनं अंग झटकलं. झालो स्वच्छ!"

"आणि पदक?"

"कागद दिला. कुठे बोलायचं नाही, असा. मी सही केली."

तोंड उघडलं तर नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर छावणीतल्या डॉक्टरचं औषधही. तरी एकदा तो कपाकडे बघत म्हणाला, "चारचौघांत कुणीतरी सांगावं रे. मी मेल्यावर नको."

आत्मारामच्या डोक्यात ते घर करून बसलं. कामावर यंत्राची सुई वरखाली व्हायची आणि त्याला वाळू दिसायची.

तेवढ्यात महाराष्ट्र दिन आला. गावात मराठी माणसं मोजून नऊ. त्यांचं मंडळ म्हणजे स्नेहलतावहिनी. अध्यक्ष त्या, खजिनदार त्या, बटाटे सोलणाऱ्याही त्याच.

"भावजी, यंदा सत्कार कुणाचा? घरमालक झाला, पोस्टमन झाला. आता खाटकाला शाल घालू का?"

"ऑर्विलला," टोपी पिळत आत्माराम म्हणाला.

"त्यानं काय दिवे लावले?"

आत्मारामनं सगळं सांगितलं. वहिनींच्या हातातली सुरी थांबली.

"मानपत्र लिहा," त्या म्हणाल्या. "आणि बघा, मराठीतच लिहा. आम्हा नऊ जणांखेरीज कुणाला कळणार आहे?"

शाल वहिनींची स्वतःची. नारळ मात्र सबंध गावात अमेरिकन दुकानातच मिळायचा. त्यामुळे सत्कारमूर्तीच स्वतःचं श्रीफळ काखेत मारून आले. वर, हा काय प्रकार आहे ते बघायला त्यांचा साहेब, एक मेजर, हजर! बसला तोही पहिल्या रांगेत.

एक मेची सकाळ. गेस्टहाउसच्या खिडकीबाहेर चेस्टनट फुललेला, पडदे संथ श्वास घेतल्यासारखे आतबाहेर होत होते. आत्माराम उभा राहिला. एखादं गावाचं नाव तोंडून निसटलं तर मेजरचे कान टवकारणार! म्हणून 'दूरचं वाळवंट', 'अणूचा उजेड', 'धूळ' असे शब्द त्यानं निवडून घेतले होते. वाचता वाचता त्याला आपलाच आवाज पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. ऑर्विल काहीच न कळून सभ्यपणे हसत होता.

ते हसू आत्मारामला बघवेना. त्यानं कागद खाली ठेवला, दोन्ही तळवे डोळ्यांपुढे धरले, आणि मग आपलाच खांदा हातानं झटकला. एकदा, पुन्हा एकदा.

ऑर्विलचं हसू थांबलं. तो उठला. पाठीचा बाक गेला कुठे कोण जाणे, ताठ उभा राहिला. त्याला पाहून सगळी मंडळी उठली; काय चाललंय ते न कळताच मेजरही उठला.

"काय म्हणाला तो?" त्यानं वहिनींना विचारलं.

"नारळाबद्दल आभार मानले."

"एवढा वेळ?"

"गेनाऊ, म्हणजे अगदी एवढा! आमच्यात नारळाचं फार असतं हो."

खरी गोष्ट अशी. बॉम्ब कसा करतात ते ऑर्विललाही माहीत नव्हतं. आत्मारामनं कुणाचं गुपित घेतलं नाही की कुणाला दिलं नाही. ऑर्विल १९६५ साली रक्ताच्या कर्करोगानं वारला.