काजळाच्या डबीतला दात

दातांवरून वय सांगा म्हणत पोलीस दवाखान्यात माझ्याकडे अधूनमधून येतात. बहुतेक वेळा माणूस जिवंत असतो. पळून जाऊन लग्न केलेली मुलगी असते, नाहीतर मारामारीत सापडलेला आणि ‘मी अजून लहान आहे’ म्हणणारा एखादा मिशीवाला. मी त्यांना खुर्चीत बसवते, आ करायला लावते, अक्कलदाढेचा एक्स-रे काढते आणि लिहून देते. पोलिसांना वाटतं दातावर जन्मतारीख छापलेली असते. मोठ्या माणसाच्या दातांकडून फार अपेक्षा ठेवू नका, दोन-चार वर्षं सहज इकडंतिकडं होतात, हे मी त्यांना दर वेळी सांगते आणि ते दर वेळी विसरतात. खरं वय कळतं ते लेकराचं. दुधाचे दात कधी येतात, त्यांच्याखाली पक्के दात कुठवर तयार होतात, हे सगळं जवळपास ठरलेल्या क्रमानं होतं. मूल जितकं लहान, तितकी चूक कमी. कॉलेजात हे वाक्य पाठ केलं तेव्हा मला ते फार आवडलं होतं. आता आवडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात हवालदार आला तो बिस्किटांचा एक मोठा खोका घेऊन. खोका त्यानं माझ्या टेबलावर ठेवला आणि स्वतः दारापाशी जाऊन उभा राहिला.

“मॅडम, लेकरायचे हाडं होय, तलावाच्या पारीतून निघाले. जेसीबीवाला काम टाकून पळाला ना. लोक नरबळी म्हणून राहिले. चॅनलवाल्याचा फोनही येऊन गेला.”

“कोणत्या तलावाच्या?”

त्यानं गावाचं नाव सांगितलं. एकोडीच्या अलीकडचं, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, बसलेलं लहानसं गाव. माझं गाव. मी त्याला ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी तो खोका उचलून दुसरीकडे कुठं जाणार होता?

नरबळी ऐकून मला आधी हसू आलं आणि मग चीड आली. त्या पारीत, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधात, काय आहे हे आमच्या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक होतं. चॅनलवाले येईपर्यंत एकानंही तोंड उघडलं नाही. आमच्याकडची रीत अशी होती की दुधाचे दात पडायला लागले नाहीत तोवर लेकराला अग्नी द्यायचा नाही, मातीत द्यायचं. त्यासाठी पारीचा बाभळींकडचा भाग ठरलेला होता. वर काट्या, काट्यांवर दगड. खूण ठेवायची नाही, नाव घ्यायचं नाही. लेकरू गेलं की गावातला एक म्हातारा यायचा आणि त्याच्या तोंडात बोट घालून दात चाचपायचा. जाळायचं की पुरायचं ते त्याच्या बोटावर ठरायचं.

आता ती पार रुंद करून वरून रस्ता काढायचा होता. जेसीबीनं एका दुपारी सगळं उकरून एका ढिगात ओतलं. त्याच्याआधी कितीतरी ट्रॅक्टर माती पुढच्या कामावर गेलेलीही होती.

माझा भाऊ त्या पारीत होता.

माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मी चार वर्षांची असताना तो तापानं गेला. मला त्याचा चेहरा आठवत नाही, घरात फोटोही नाही. आठवतो तो त्याचा खालचा, समोरचा, हलणारा दात. दिवसातून एकदा तो मला त्या दाताला बोट लावू द्यायचा आणि मी जरा जोरात ढकलला की पाठीत धपाटा घालायचा. दातांच्या डॉक्टरकीकडे मी त्यामुळे वळले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. मला मार्क तेवढेच पडले होते.

हाडं जुनी आहेत, घातपाताची खूण नाही, हे मोठ्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलं होतं. माझ्याकडून पोलिसांना फक्त वयं हवी होती. मी दार लावून घेतलं आणि जबडे वेगळे करत बसले. सगळ्यात लहानांच्या जबड्यात दात वर आलेलेच नव्हते. आतल्या खळग्यांत दातांच्या नुसत्या टोप्या होत्या, तांदळाच्या कणीएवढ्या, बोटानं उचलायलाही भीती वाटावी अशा. काहींचे पुढचे दोन-चार दात आलेले. काहींचे दुधाचे सगळे आलेले. तिथं वरून बघून काही कळत नाही, म्हणून एक्स-रे काढून खालचे पक्के दात बघावे लागतात. मी बघत गेले, लिहीत गेले. सहा महिने. दीड वर्ष. तीन वर्षं. प्रत्येकाचं वय सांगता येत होतं. इतकं नीट सांगता येत होतं की माझा मलाच राग आला.

शेवटी दोन जबडे राहिले. दोन्हींत दुधाच्या दाढांच्या मागे पहिली पक्की दाढ नुकती डोकं वर काढत होती. म्हणजे सहाच्या आसपास. दोन्हींचे समोरचे दात जागेवर नव्हते, खळगे रिकामे. त्याचं नवल नाही, मातीत इतकी वर्षं गेली की पुढचे दात आपोआप निसटतात. मी दोन्हींचे एक्स-रे शेजारी शेजारी लावले आणि एकेक दात ताडून पाहिला. फरक सापडेना.

त्या साली आमच्या आळीत तापाची साथ होती. भाऊ गेला त्याच आठवड्यात समोरच्या घरातली मुलगी गेली, आणि दोघांना जवळजवळच मातीत दिलं, एवढं मी ऐकून होते. लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे खात्रीनं सांगता येत नाही. मुलींचे दात थोडे लवकर पुढं जातात खरे, पण ती मुलगी भावाहून थोडी लहान होती. म्हणजे दोघं चालत चालत अगदी एकाच जागी येऊन थांबलेले.

आईला मी काही कळवलं नव्हतं. पण गावात अशा गोष्टी लपतात थोड्याच! दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती आली. नंबर न लावता सरळ आत. बाकावर रिपोर्टची वाट बघत हवालदार बसला होता, त्याच्याकडे तिनं पाहिलंही नाही.

“तुह्याकडं आणले म्हणते ना?”

“हो.”

“मंग आपला काढून दे.”

गिरणीत जाऊन आपल्या दळणाचा डबा मागावा, तसं म्हणाली. मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. दोन आहेत, सारखे आहेत, कोणता आपला ते सांगता येत नाही.

“टीव्हीवर तं रक्तावरून काढते सारं.”

“त्याच्यासाठी खून व्हावा लागते, मावशी,” हवालदार बाकावरून म्हणाला. वाईट माणूस नाही तो, खरं तेच बोलला. मी आदल्या दिवशी नागपूरला माझ्या जुन्या सरांना फोन केला होता. त्यांचंही तेच म्हणणं पडलं. गुन्हाच नाही तर तपासणीचं पत्र कोण देणार, आणि दिलं तरी इतकी वर्षं ओल्या मातीत राहिलेल्या हाडांतून काही निघेल याचा भरवसा नाही.

आई माझ्याकडे वळली.

“मंग तू इतकी शिकली काहून?”

रागानं म्हणाली नाही. तिला खरंच कळत नव्हतं.

मग तिनं कमरेची पिशवी सोडली आणि एक काजळाची डबी काढली. आमची दोघांची, लहानपणची. झाकण गंजून घट्ट बसलेलं, ते तिनं चमच्याच्या दांड्यानं उघडलं. आत वाळून भेगा पडलेलं काजळ होतं आणि त्यात एक काळा दाणा रुतलेला. पदरानं पुसून तिनं तो माझ्या तळहातावर ठेवला. दुधाचा दात. खालचा, समोरचा.

“त्याचा होय,” आई म्हणाली. “त्याचा दात पडला होता, बाई.”

इतक्या वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. शेवटच्या पहाटे भावाला झटका आला, दातखीळ बसली, ती सोडवताना दात तिच्या हातात आला. थोड्या वेळानं भाऊ गेला. म्हातारा दात चाचपायला येणार, पडलेला दिसला की लेकराला जाळणार, हे तिला ठाऊक होतं. तिनं दात परत हिरडीत खोचून ठेवला. म्हाताऱ्यानं बोट फिरवलं, म्हणाला हलते पण आहे, मातीत द्या. नेण्याआधी तोंड पुसता पुसता तिनं तो काढून घेतला.

“चुलीचा चटका बसला होता त्याले एक डाव, तं रात्रभर रडला होता,” ती म्हणाली. “त्याले आग कशी देऊ मी? अन् मातीत असला तं आहे तरी, असं वाटे. बांधीत जातायेता पारीवरूनच रस्ता. रोज भेट होये.”

पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकतात, म्हणजे नवा येतो. तो तिनं फेकला नाही. नवा यायला तोंड कुठं होतं?

“आता लावून पाह्य,” ती म्हणाली. “ज्याच्यात बसन, तो आपला.”

तिनं सगळं ठरवून आणलं होतं. रात्री केव्हातरी तिला हे सुचलं असणार आणि हे सुचल्यावरच झोप लागली असणार. पण पडायला आलेल्या दुधाच्या दाताला मूळ नसतं. खालून पक्का दात वर येताना ते झिजून जातं, म्हणून तर तो हलतो, म्हणून तर पडतो. मूळ असतं तर ते एकाच खळग्यात बसलं असतं. हे डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षातलं पोरही झोपेतून उठून सांगेल. तिला सांगायला मला तोंड नव्हतं.

मी पहिला जबडा घेतला. दात ठेवला. बसला. खाली दडलेल्या पक्क्या दाताच्या टोकावर टोपीसारखा बसला. आईच्या तोंडून “अगा माय” असं काहीतरी निघालं आणि तिनं दोन्ही हात पुढं केले.

“थांब,” मी म्हणाले.

दुसरा घेतला. त्यातही बसला.

आईनं हात मागे घेतले. तिला समजायला वेळ लागला नाही. हवालदार उठून जवळ आला होता, त्यालाही समजलं. तो घसा खाकरून म्हणाला, “मावशी, दोन्ही घेऊन जा. मी पाहिलंच नाही म्हणतो.”

मीही तेच म्हणाले. माय, दोन्ही ने, आपल्या बांधीत पुरू.

“अन् हे दोघंही दुसऱ्याचेच असले तं?” आई म्हणाली. “माती तं अगोदरच रस्त्याले गेली न?”

हे माझ्या मनात पहिल्यापासून होतं. मी ते बोलले नव्हते. तिनं दात उचलून डबीत ठेवला आणि डबी पिशवीत. मी रिपोर्टवर सही केली. सगळी वयं बरोबर लिहिली होती. हवालदार खोका घेऊन गेला. पुढे पंचायतीनं ते सगळं एका खड्ड्यात घातलं, नव्या रस्त्याच्या कडेला. त्या खड्ड्यापाशी आई आजवर गेलेली नाही.

त्या दुपारी मी सुट्टी टाकून तिला गाडीनं घरी सोडायला गेले. पारीवरचा रस्ता बंद होता, लांबून वळसा पडला. वाटेत ती एकदाच म्हणाली, “आग दिली असती तं राख तरी मोकळी झाली असती. मीनंच अडकून ठेवला त्याले.”

तसं नाही, तू कशाला मनाला लावून घेतेस, असं मी म्हणाले. म्हणतात तसं. तिनं ऐकलं नाही आणि माझाही त्यावर विश्वास नव्हता.

घरी गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी ती अजून अंगणातल्या चुलीवर तापवते. पाय धुतले आणि ती तिथं जाऊन बसली. काट्या रचल्या, पेटवल्या. पाण्याचं पातेलं वर ठेवलं नाही. जाळ चांगला लागल्यावर तिनं डबी उघडली, दात काढला, कपाळाला लावला आणि निखाऱ्यांत टाकला. मी तिच्या शेजारी बसले. तिचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “झालं का?”

जळालेल्या माणसाचं दुसरं काहीच उरत नाही तेव्हा पोलीस आमच्याकडे का येतात, हे तिला ठाऊक नव्हतं. फुंकणीनं राख बाजूला केली तर तो तिथंच होता. काजळ जळून गेलं होतं, दात पांढरा झाला होता.

“नाही, माय. दात आहे तो. चुलीच्या जाळानं नाही जळत.”

तिनं मागे हात घालून आणखी दोन काट्या ओढल्या आणि चुलीत सारल्या.

“मंग बसतो मी,” ती म्हणाली. “तू जाय, तुह्ये पेशंट असतीन.”